ओलं गोणपाट

हेसलबर्न,
बुधवार, १७ सप्टेंबर १९५८

प्रिय सेप,

तुझं मागचं पत्र पोचलं. समुद्राच्या हवेवर एक पान आणि अगाथाच्या गुडघ्यांवर दोन, सगळं वाचलं. आता जरा माझं ऐक. तू जन्मभर वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलीस आणि घरी आलास की आम्हाला कायदा पाजलास. तेव्हा न मागता पाजत होतास, आज मी मागून घेतेय.

काल संध्याकाळी इथे खून झाला. खाणीमागे आपल्या माणसांचे भाजीचे वाफे आहेत ना, तिथे. आयझॅक स्टोबर्ट गेला. तोच, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून शिट्टी वाजवायचा. त्याच्या शेजारच्या वाफ्यावाल्यानं त्याला फावड्यानं मारलं. मारणाऱ्याचं नाव लिहीत नाही, चौकशी चालू आहे म्हणून सार्जंटनं सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

भांडण कशावरून झालं हे तुला सांगायला नको. शनिवारी लीकचं प्रदर्शन, वर्षभर पोसलेल्या त्या मनगटाएवढ्या जाड, लांबड्या कांद्यांचं. यंदा पहिल्या बक्षिसाला टीव्ही ठेवलाय, त्यामुळे उन्हाळ्यापासून गावातले पुरुष बायकोशी कमी आणि लीकशी जास्त बोलत होते. काल या माणसाला आपले लीक उभे चिरलेले दिसले. त्याला वाटलं आयझॅकनं रात्री येऊन पातं चालवलं. विचारायला गेला, तर आयझॅक हसला. पुढे फावडं.

त्या गडबडीत आयझॅकच्या प्रदर्शनाला ठेवलेल्या जोडीतला एक लीक मातीतून उपटला गेला. मारणाऱ्यानं तो उचलला, घरी नेला, स्वच्छ धुतला आणि पत्र्याच्या टबात थंड पाण्यात ठेवला. पोलीस आले तेव्हा तो टबाशेजारी स्टुलावर बसला होता.

सार्जंट म्हणतो, लीक तिथेच पडू दिला असता तर जन्मठेप झाली असती, घरी नेला म्हणून फाशी होऊ शकते. मला हे डोक्यात शिरत नाही. लीक घरी नेल्यानं आयझॅक काय जास्त मेला?

तुझं खरं मत लिही, अगदी मनातलं. आणि लवकर लिही.

तुझी थर्झा

*

वर्थिंग,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

प्रिय थर्झा,

तुझे पत्र नाश्त्याच्या वेळी आले. माझे अंडे थंड झाले, परंतु कायद्याचा प्रश्न समोर आला की मी अंड्याकडे पाहत नाही.

सार्जंटचे म्हणणे बरोबर आहे. पूर्वी खून म्हणजे फाशी, असा साधा हिशेब होता. गेल्या वर्षी पार्लमेंटाने कनवाळूपणाच्या भरात खुनांची वर्गवारी केली. गोळी घातली तर फाशी. स्फोट केला तर फाशी. पोलिसाला मारले तर फाशी. चोरी करताना मारले तर फाशी. मात्र एखाद्याने बायकोला दोन महिने चमच्या-चमच्याने विष पाजले, तर जन्मठेप. अगाथाने हे वर्तमानपत्रात वाचल्यापासून ती चहा स्वतःच करते, आणि मलाही तेच सोयीचे वाटते.

माझे विचार तुला ठाऊक आहेत. मी सगळ्यांनाच फाशी दिली असती. परंतु आहे त्या कायद्यात तरी चोराला सूट नसावी. तुझ्या या माणसाने रागाच्या भरात मारले असते आणि हात हलवत घरी गेला असता, तर मी नाइलाजाने जन्मठेप मान्य केली असती. राग माणसाला येतो. पण प्रेत समोर पडलेले असताना ज्याला भाजी उचलण्याचे सुचते, तो माणूस कसला? वस्तू पेनीची असो वा पाउंडाची, चोरी ती चोरीच. लटकवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक महत्त्वाचे लिहायचे तू विसरलीस. प्रदर्शनाआधी क्लबाची कमिटी प्रत्येक लीकच्या बाहेरच्या सालीवर शिक्का मारते, म्हणजे कोणी दुसऱ्याचा लीक आपला म्हणून मांडू नये. आपले वडील त्या कमिटीवर होते, मी विसरलेलो नाही. तर या माणसाने धुताना बाहेरची साल काढली का? काढली असेल तर संपलेच. मालकीची खूण नष्ट केली, म्हणजे वस्तू स्वतःची करण्याचा इरादा सिद्ध झाला. त्याचा वकील कितीही नाक घासो.

या प्रकरणाने मला स्फूर्ती दिली. नावगाव न घालता मी इथल्या वर्तमानपत्राला आजच एक पत्र धाडले आहे. शिक्क्याचा मुद्दा त्यात फार नेमका उतरला आहे.

तुझा,
सेप्टिमस

*

हेसलबर्न,
सोमवार, २२ सप्टेंबर

सेप,

टब माझा आहे. तो माणूस आपला जॉनटी आहे.

आधीच लिहिलं असतं, पण तुझं खरं मत हवं होतं. धाकट्या भावाचं नाव घातलं असतं तर ते मिळालं नसतं. मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं.

त्या दिवशी मी चर्चमधून फरशी पुसून आले, तर स्वयंपाकघरात हा स्टुलावर. कोपरापर्यंत चिखल, फक्त हात स्वच्छ. म्हणाला, "थर्झा, आयझॅकचा लीक आहे, हात लावू नकोस." मी म्हटलं, "तुझ्याकडे कसा?" म्हणाला, "आयझॅक मेला." ज्या आवाजात तो लीकबद्दल बोलला त्याच आवाजात हेही बोलला. सार्जंटला मीच बोलावलं.

साल काढली का म्हणून विचारतोस. काढली. फाटली होती, मातीनं भरली होती. फाटक्या सालीसकट लीक टबात ठेवणारा माणूस या खोऱ्यात जन्मलेला नाही, हे तुला कळायला हवं होतं. पण तू वर्थिंगला जाऊन डब्यातले वाटाणे खायला लागलास.

सार्जंट स्वतः लीकवाला आहे. शिक्क्याचा शब्दसुद्धा त्यानं काढलेला नाही. सरकारी वकील यॉर्कहून येणार, त्याला लीक म्हणजे सुपात पडणारी भाजी एवढंच माहीत. तेव्हा ही गोष्ट गावात आहे आणि तुझ्यापाशी आहे. तोंड शिवून ठेव. त्या पेपरवाल्याला तार कर आणि पत्र परत मागव.

लीक सध्या पोलीस ठाण्यात बादलीत आहे. सार्जंट सकाळ-संध्याकाळ पाणी बदलतो.

शनिवारी प्रदर्शन झालंच. मेलेला माणूस स्पर्धेत धरायचा की नाही यावर कमिटी दुपारभर बसली होती. शिक्का मारला त्या दिवशी जिवंत असला म्हणजे पुरे, असं शेवटी ठरलं. पण जोडीतला एक पोलिसांकडे, म्हणून आयझॅक बाद. त्याच्या नावाचं कार्ड तेवढं रिकाम्या बाकावर ठेवलं होतं. त्याची बायको हॅना येऊन ते घेऊन गेली.

थर्झा

*

वर्थिंग,
बुधवार, २४ सप्टेंबर

थर्झा,

काल दिवसभर मी काही खाल्लं नाही. अगाथानं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो. जॉनटी. आपला जॉनटी, ज्याला मी पाठुंगळी घेऊन नदीपर्यंत न्यायचो. तो गोगलगाय उचलून कुंपणापलीकडे ठेवायचा, मारायचा नाही. मला तू आधी सांगायला हवं होतंस. माणसाला असं कोंडीत धरून मत विचारतात का?

आता नीट ऐक. रात्रभर विचार केलाय. मागचं पत्र मी घाईत लिहिलं, अंडं थंड होत होतं. कायदा इतका सरळ नाही.

पहिलं म्हणजे, लीक मातीत उगवलेला. जुन्या कायद्यात जमिनीला चिकटलेली वस्तू जमिनीचाच भाग धरतात आणि जमीन कुणाला चोरता येत नाही. दुसरं, मालक मेल्यावर वस्तू कुणाची? मेलेल्या माणसाला काही हिरावलं गेलंय हे कळत नाही. हॅनाची म्हणावी तर हॅनाला तिनं कधी तो हातात धरला होता का ते विचारा. तिसरं, चोरी म्हणजे कायमची नेणं. लीक काही कायमचा नसतो, महिन्याभरात सडतो. जी वस्तूच कायमची नाही ती कायमची कशी नेणार? हा मुद्दा मला स्वतःला फार आवडला, वकिलाला जरूर सांग.

आणि मुळात हा कायदाच रानटी आहे. एका भाजीपायी माणसाचा गळा आवळायचा, ही काय सुधारलेल्या देशाची रीत झाली? मी हे नेहमीच म्हणत आलोय, निदान मनात तरी.

त्या दिवशी तू तो लीक लगेच रश्श्यात का टाकला नाहीस? असो, हे वाचून झालं की फाड.

पत्राबद्दल. तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच ते छापून आलं होतं. खाली फक्त 'एक न्यायप्रेमी' असं आहे. पेपर इथला, खप चारदोन गल्ल्यांचा. तिकडे कोण वाचतोय.

सेप

*

हेसलबर्न,
सोमवार, २० ऑक्टोबर

सेप,

वाचलं. तुझं पत्र लंडनच्या एका मोठ्या पेपरानं गंमत म्हणून उचललं, 'भाजी आणि फास' असा मथळा देऊन. ते कात्रण घेऊन परवा डरहॅमचा इन्स्पेक्टर माझ्या दारात उभा. म्हणाला, "बाई, हा शिक्का म्हणजे काय प्रकार आहे?" मी म्हटलं मला बागेतलं काही कळत नाही. तो सार्जंटकडे गेला. सार्जंटनं शपथ घेतलेली, काय करणार बिचारा, सांगितलं. आता सरकारी वकिलाचा सगळा दावा त्या सालीवर उभा आहे. सालीवरचा शिक्का काढला म्हणजे लीक स्वतःचा करायचा होता, म्हणजे चोरी, म्हणजे फाशी. तुझीच वाक्यं आहेत, स्वल्पविरामासकट.

क्लबात कुणीतरी ते कात्रण भिंतीवर चिकटवलंय. कुणी लिहिलं ते अजून गावाला माहीत नाही. माझ्याकडे बघून सगळे त्या न्यायप्रेमीला शिव्या घालतात आणि मी मान डोलावते.

जॉनटीला मात्र कळलं. तुरुंगात कुणीतरी वाचून दाखवलं. मी भेटायला गेले तर म्हणाला, "सेपचंच आहे, 'नाइलाजाने' हा शब्द दुसरं कोण वापरणार? चांगलं लिहिलंय गं. लंडनच्या पेपरात आला आपला सेप." खरंच खूश होता. मला तिथे रडू आलं, त्याला वाटलं तुझ्या अभिमानानं आलं.

तू कर्तबगार माणूस आहेस हे मला ठाऊक होतं. एका पत्रात तू जे केलंस ते यॉर्कच्या वकिलाला महिनाभरात जमलं नसतं. आता नाकानं कांदे सोलायचं बंद कर आणि इकडे ये. खटला पुढच्या महिन्यात आहे. कठड्यामागे उभा असताना त्याला घरचं दुसरं एक तोंड दिसू दे.

थर्झा

*

वर्थिंग,
सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रिय थर्झा,

तुझ्या पत्रातला सूर मला लागला. लागू दे, माझीच चूक आहे. पण चूक कायद्याची जास्त आहे, मी तो फक्त समजावून सांगितला.

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. दयेच्या बाजूने एक खरमरीत पत्र त्याच पेपराला पाठवलं. संपादकानं ते परत केलं. चिठ्ठीत लिहिलंय की 'न्यायप्रेमी' यांच्या पत्रानंतर या विषयात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि आपलं पत्र त्यामानानं फार भावनेच्या आहारी गेलेलं वाटतं. दुसरं नाव घेऊन पुन्हा पाठवलं. तेही परत आलं.

येण्याबद्दल म्हणशील तर अगाथाचे गुडघे या थंडीत फारच धरलेत. आणि दुसरंही एक आहे, तुझ्यापासून लपवत नाही. इथल्या क्लबात एक निवृत्त कर्नल आहे, माझ्याबरोबर पत्ते खेळतो. त्यानं मला परवा विचारलं, "गोलंड, तो पेपरातला जॉनटी गोलंड तुमच्यापैकी तर नाही?" सगळे पत्ते खाली ठेवून बघायला लागले. मी म्हणालो, उत्तरेकडे हे आडनाव सर्रास आहे. आता मी कोर्टात दिसलो आणि कुणी फोटो काढला तर?

तू समजून घेशील. वकिलाला माझा सडणाऱ्या लीकचा मुद्दा नक्की दे.

तुझा सेप

*

हेसलबर्न,
शनिवार, १५ नोव्हेंबर

सेप,

जॉनटी वाचला. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. खून शाबीत, पण फाशीचा नाही. जन्मठेप.

कोर्टात मी पुढच्या बाकावर होते. न्यायाधीशांच्या मेजावर हातमोज्यांखाली ते काळं कापड घडी करून ठेवलेलं. फाशी सांगताना डोक्यावर घालतात ते. दोन दिवस मी दुसरीकडे बघूच शकले नाही. माणसाच्या रुमालाएवढं असतं ते.

न्यायाधीश दक्षिणेकडचे. क्लबाचा सेक्रेटरी साक्षीला उभा राहिला तेव्हा त्यांनी विचारलं, "ही भाजी शेवटी खायचीच असते ना?" सेक्रेटरी म्हणाला, "प्रदर्शनाआधी नाही, साहेब." न्यायाधीश म्हणाले, "आणि प्रदर्शनानंतर?" तो म्हणाला, "नंतर दुःख असतं साहेब, पण खातो."

सरकारी वकिलानं तुझी साल धरून ठेवली. रंगीत चित्रं काढून आणली होती, कारण लीक तोवर सार्जंटच्या बादलीतच विरघळला होता. शिक्का इथे होता, आता नाही, का नाही? दोन तास. मधे आपल्या वकिलानं चिथावणीचा मुद्दा काढला, पण आयझॅकच्या नुसत्या हसण्यावर तो टिकेना. तुझा सडण्याचा मुद्दा मी त्याला दिला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कागद घडी करून खिशात घातला.

मग जूरीतून एक चिठ्ठी आली. जूरीचा मुख्य म्हणजे वेअरडेलचा एक रुंद हातांचा माणूस, मी पहिल्याच दिवशी त्याच्या नखांतली बागेची माती बघितली होती. चिठ्ठीत विचारलं होतं, आयझॅकच्या जोडीतला दुसरा लीक, जो मातीतच राहिला, त्याचं काय झालं? सार्जंट म्हणाला, तो झाकलेला होता. जॉनटीनं जाण्याआधी त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. मुख्यानं उभं राहून विचारलं, "कोरडं की ओलं?" सार्जंट म्हणाला, "ओलं. पिंपात बुडवून पिळलेलं."

जूरीतल्या सात-आठ माना एकदम हलल्या. न्यायाधीशांना काही कळेना. मुख्यानं त्यांना सांगितलं, "साहेब, दुसऱ्याच्या लीकवर ओलं गोणपाट टाकणारा माणूस चोर नसतो. चोराला एक लीक काय कामाचा? मांडायला जोडी लागते. हा माणूस जोडी जपत होता, मालकासाठी." न्यायाधीश म्हणाले, मालक मेला होता. तो म्हणाला, "हो साहेब, पण लीक जिवंत होते."

तिथेच खटला फिरला. जूरी चहा पिऊन होईस्तो परत आली.

आणखी एक निघालं. जूरीनं विचारलं म्हणून सेक्रेटरीनं सांगितलं की जॉनटीचे लीक कुणी चिरलेच नव्हते. आपोआप फुटले होते. तो त्यांना काळी बिअर आणि काकवी पाजत होता, सोसली नाही त्यांना. आयझॅकनं काही केलेलं नव्हतं. आयझॅक हसला तो बहुतेक यालाच हसला. न्यायाधीश म्हणाले, याचा समोरच्या प्रश्नाशी संबंध नाही, पुढे चला. त्या वेळी जॉनटीनं कठड्यावरचे दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ते पुढे निकालापर्यंत काढले नाहीत. पेपरात कुणी हे छापलेलं नाही.

निकालानंतर खाली कोठडीत मला पाच मिनिटं दिली. तो म्हणाला, "थर्झा, आयझॅकबद्दल विचारतील म्हणून मी बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. कुणी विचारलंच नाही." मग म्हणाला, "तू हॅनाला सांगशील का?" मी विचारलं काय सांगू, तर त्याला ते आठवेना.

संध्याकाळी क्लबात मगावर मग आपटत होते. आपल्या लीकवाल्यांच्या इज्जतीवर आलं होतं ते धुऊन निघालं म्हणून. मीही हसत होते, कशाला खोटं बोलू. माझा भाऊ जिवंत राहणार होता, मला नाचावंसं वाटत होतं. घरी आले तर हॅना माझ्या स्वयंपाकघरात बसलेली, कोट न काढता. मी चहा ठेवला. तिनं कप हातात घेतला.

मग म्हणाली, "थर्झा, गोणपाट एकच होतं का गं?"

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "लीकवर टाकलं, ते कळलं. आयझॅक तिथेच पडला होता ना शेजारी. पाऊस चालू झाला होता. डॉक्टर येईपर्यंत तसाच होता, तोंडावर पाऊस घेत. म्हणून विचारते, एकच होतं का?"

सेप, दोन होती. दुसरं कुंपणावर पडलेलं होतं, सार्जंटबरोबर वाफ्यावर गेले तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी हॅनाला म्हटलं, "मला नाही माहीत." ती म्हणाली, "बरं," आणि चहा संपवून गेली.

मी फाशीच्या बाजूची की विरुद्ध, हे मला आज विचारू नकोस. तो लटकला असता तर मी मेले असते. पण त्या कोर्टात दोन दिवस एका कांद्याच्या भाऊबंदाचा न्याय झाला. माणूसही गेला होता, हे तिथे हॅना सोडून कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्यासुद्धा नाही.

थर्झा

*

वर्थिंग,
गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय थर्झा,

परमेश्वराची कृपा. पत्र वाचून अगाथा आणि मी दोघांनी शेरी घेतली. अखेर इंग्लिश जूरीचा विवेक जागा राहिला. आपल्या कायद्याचे सौंदर्य हेच आहे की तो चोर आणि साव यांत बरोबर फरक करतो. मी तुला प्रथमपासून हेच सांगत होतो. हॅनाला माझा नमस्कार सांग, काळ हेच औषध आहे.

प्रकृती आता उत्तम आहे, भूक परत आली. कर्नलबरोबर पत्ते पुन्हा चालू झाले.

इथेही गेल्या आठवड्यात एक भयंकर प्रकार घडला. आमच्या मागच्याच रस्त्यावर एका भाडेकरूने घरमालकिणीचा उशीने जीव घेतला, आणि निघताना तिच्या कपाटातला अर्धा केक घेऊन गेला. स्टेशनवर पकडला तेव्हा ओठांना साखर होती. त्याचा वकील म्हणे असा बचाव घेणार आहे की केक ती त्याला रोजच देत असे. काय हा निर्लज्जपणा! लीक निदान जपून ठेवलेला होता. केक तर खाऊन टाकला, म्हणजे कायमचाच हिरावला, यात शंकेला जागाच नाही. अशा माणसाला जन्मठेप देणे म्हणजे समाजाची चेष्टा आहे.

मी पेपरासाठी एक पत्र तयार केले आहे. बऱ्याच दिवसांनी लेखणी अशी सरसर चालली. साखरेचा मुद्दा फार नेमका उतरला आहे. उद्या सकाळी पेटीत टाकतो.

तुझा,
सेप्टिमस

*

हेसलबर्न,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सेप,

तू पेपराचं पत्र पेटीत टाकायच्या आधी हे पोचणार नाही, तरी लिहिते.

जॉनटी विचारत होता, सेप भेटायला कधी येतो. मी त्याला सांगितलं, उत्तरेकडे हे आडनाव सर्रास आहे.

मागच्याच रस्त्यावर म्हणतोस ना, मग लांब नाही. पुढचं पत्र टाकण्याआधी तिथे जा. आधी त्या बाईच्या माणसांना भेट आणि ती कशी होती ते विचार, कारण कोर्टात कुणी विचारणार नाही. मग त्या केकवाल्याची बहीण शोधून काढ. असेलच कुठेतरी. तिच्या स्वयंपाकघरात बस, ती देईल तो चहा पी, आणि तुझं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव.

स्वल्पविराम नीट घे.

थर्झा